ताजं डोकं कुठे खर्च करायचं?

भोसरीत राहून, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सची नोकरी करत मी सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट झाले. मुलगी शाळेत होती, घरात सासू-सासरे होते आणि कंपनीची बस साडेसातच्या ठोक्याला नाक्यावर यायची. "एवढा वेळ कुठून काढलास गं?" असं बायका अजून विचारतात. मला वाटतं, नोकरी करून शिकणाऱ्याने वेळेच्या आधी दुसऱ्याच एका गोष्टीचा हिशेब करायला हवा.

रात्री ओटा आवरून दहाला बसलं, तर दोन तास सहज मिळत. पण दिवसभर बिलं, व्हेंडरचे फोन आणि न जुळणाऱ्या खात्यांशी झुंजलेलं डोकं त्या वेळी काहीच धरत नसे. त्याच सुमारास मी मार्जिनल कॉस्टिंग शिकत होते. समजा, एका नगामागे १०० रुपये काँट्रिब्युशन सुटतं, पण त्याला मशिनचे ४ तास लागतात. दुसऱ्यामागे ६० रुपयेच सुटतात, पण त्याला २ तास पुरतात. मशिनचे तास अपुरे असतील तर दुसरा माल आधी घ्यायचा, कारण तो तासाला ३० रुपये देतो आणि पहिला २५. ज्याची टंचाई, त्याच्या हिशेबाने क्रम लावायचा. गणित सोडवताना लख्ख जाणवलं, की माझ्याकडे टंचाई तासांची नाही, ताज्या डोक्याची आहे.

मग सगळी मांडणीच बदलली. रात्री दहाला झोपायचं आणि पहाटे साडेचारला उठायचं. झोपेला हात लावायचा नाही. पहाटेचा दीड तास फक्त गणितांना: कॉस्ट मॅनेजमेंट, आयकराची मोठी उदाहरणं. वाचून समजणारं काहीही त्या वेळी घ्यायचं नाही. कोणतं उदाहरण सोडवायचं ते आदल्या रात्रीच ठरवून, पुस्तकाचं पान उघडून, वही आणि कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून झोपायचं. पहाटे 'आज काय करू?' एवढा विचार करण्यातही चांगली वीस मिनिटं जातात.

बसमधला वेळ कायद्याला दिला. मोशी ओलांडली की वाहतूक तुंबते आणि चाकणच्या तळेगाव चौकात तर गाडी हलतच नाही. तिथे गणित होत नाही, पण कलमं घोकता येतात. कंपनी कायद्याचं कलम १३५ मी तसंच पाठ केलं: नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक गाठलं की सामाजिक जबाबदारीची तरतूद लागू होते आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो. स्वतःच्या आवाजात हे फोनवर रेकॉर्ड करून ऐकत जायची.

अकाउंट्सवाल्यांचा महिना सपाट नसतो. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. त्यातच महिन्याचं क्लोजिंग. या तारखांच्या आदल्या दिवशी मी नवा धडा उघडत नसे, जुन्याचीच उजळणी करायची. अवघड धडे २१ तारखेनंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले असत. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. जूनच्या आधी मार्चएंड आणि ऑडिट येतं, म्हणून मी डिसेंबर धरला. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख उलटली, की पुढचे दोन महिने त्यातल्या त्यात मोकळे मिळतात.

नोकरीने अभ्यासाला दिलंही खूप. व्हेरियन्सची सूत्रं पुस्तकात रुक्ष वाटायची. मग आमच्याच शॉपफ्लोअरचे आकडे घेतले. स्टीलचा भाव वाढला, तो प्राइस व्हेरियन्स. रिजेक्शन वाढून माल जास्त लागला, तो यूसेज व्हेरियन्स. पहिल्याचा जाब परचेसला विचारायचा, दुसऱ्याचा प्रॉडक्शनला. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर दादांना विचारलं, की ते सेटिंग बदलायला किती वेळ जातो ते मशिनपाशी नेऊन दाखवत. त्यानंतर ती सूत्रं पाठ करावी लागली नाहीत.

एक सवय फार उपयोगी पडली. धडा वाचून झाला, की पुस्तक मिटून जुन्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर आठवेल ते लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगाने दाखवल्याचं पुढे वाचनात आलं: पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. आमच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. त्यामुळे नावडता विषय सोडून चालत नाही, आणि नेमकं कुठे कच्चं आहे ते कोरा कागदच सांगतो.

घरच्यांशी मी स्पष्ट बोलले. सासूबाईंना म्हटलं, "आई, सहापर्यंत मला हाक मारू नका, त्यानंतर सगळं मी बघते." त्या म्हणाल्या, "तू बस. चहाचं मी बघीन." त्यांनी तो शब्द शेवटच्या पेपरपर्यंत पाळला. दिवाळीचा फराळ नवऱ्याने आणि त्यांनी मिळून केला. फोन रात्रीच स्वयंपाकघरातल्या फडताळात जायचा. एकाग्रता एकट्याच्या जिद्दीवर टिकते असं म्हणतात, ते मला पटत नाही. ती घरातल्या चार माणसांच्या सहकार्यावर टिकते.

तुम्ही नोकरी करून शिकत असाल, तर टाइमटेबल आखण्याआधी आठवडाभर एवढंच टिपून ठेवा: दिवसाच्या कोणत्या वेळी तुमचं डोकं ताजं असतं. ती वेळ सापडली, की सगळ्यात अवघड विषय तिथे ठेवा आणि ती वेळ कोणालाही देऊ नका. अर्धा तास असला तरी रोज केला तर पुरतो.