सासूबाईंना मैत्रीण मिळाली!

कंपनीच्या सहलीला सहकुटुंब निघायचं म्हटलं की आपल्या मनात पहिला विचार हिमालयाचा येत नाही, खोलीचा येतो! कोण कुणाबरोबर झोपणार, पहाटे गरम पाणी आधी कुणाला, आणि घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर त्यांचं सगळं निभेल ना... २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही नेपाळ-भूतानला निघालो तेव्हा आमचाही हाच घोळ चालला होता. आम्ही पाच जण. आमचे हे, मी, दोन मुलं आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. खोल्या दोघा-दोघांच्या, म्हणजे एक माणूस उरलं. सहलीच्या व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं, "साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्याच येताहेत. आजींना त्यांच्याबरोबर ठेवलं तर चालेल का?"

सासूबाई म्हणाल्या, "मला काय, कुठंही पडेन."

मामंजी गेल्यापासून तीन वर्षं त्यांचं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं. आमटीत मीठ कमी पडलंय का? "मला काय, चालतंय." दिवाळीला कुठलं लुगडं आणू? "मला काय करायचंय." तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे शब्द ऐकून पोटात कसा गोळा येतो, ते तुम्हाला सांगायला नको. एक वेळ भांडण परवडतं, पण हे नाही परवडत!

जाता जाता एक कामाची गोष्ट सांगून टाकते. या दोन्ही देशांत आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. सासूबाईंचं मतदार कार्ड शेवटी देव्हाऱ्याच्या खणात, पंचांगाखाली सापडलं.

काठमांडूला उतरल्यावर घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली. दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथ. तिथले मुख्य पुजारी परंपरेनं कर्नाटकातून येतात, हे मार्गदर्शकानं सांगितलं मात्र, सासूबाईंनी मान वर केली. त्यांचं माहेर चिकोडीकडचं, कानडी मुलखातलं. "आमच्याकडची माणसं इतक्या लांब!" त्या पुटपुटल्या. शेजारी साताऱ्याच्या बाई होत्या. (शिक्षिका म्हणून सगळी बस त्यांना 'बाई'च म्हणायला लागली होती.) त्यांनी लगेच विचारलं, "हो का? मग माहेरचं नाव काय तुमचं?"

बागमतीच्या पलीकडच्या काठावर चिता जळत होत्या. आम्ही मुलांना घेऊन पुढे निघालो, पण सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. बाईंचेही यजमान बारा वर्षांपूर्वी गेलेले. अर्धा तास दोघी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता सहलभर हीच कळा राहणार.

पोखऱ्याला पहाटे चार वाजता उठवून सारंगकोटला नेलं. माच्छापुच्छ्रेच्या शिखरावर ऊन पडलं तेव्हा चाळीस माणसांची बस गप्प झाली, आणि सांगलीकरांना गप्प करणं काही सोपं नाही! हे शिखर ६,९९३ मीटरचं. ते पवित्र मानतात, म्हणून चढाईला परवानगी देत नाहीत. बाई म्हणाल्या, "बरं आहे. एक तरी जागा माणसाच्या पायाखालून सुटली."

पण मला सांगायची आहे ती परतीची रात्र. पोखऱ्याहून काठमांडूला येताना मुगलिंगच्या पुढे दरड कोसळली होती. एका बाजूला कडा, खाली त्रिशूली नदीचा आवाज, आणि पुढे-मागे नजर पोहोचेल तिथवर ट्रकचे लाल दिवे. सात तास आम्ही जागच्या जागी. व्यवस्थापक बिचारा फोन कानाला लावून फेऱ्या घालत होता. पुरुषमंडळी खाली उतरून रस्ता कसा बांधायला हवा होता यावर बोलू लागली. मुलं भुकेली झाली.

अशा वेळी बायकांच्या पिशव्यांतून काय काय निघतं, हे पाहावं! दशम्या, लसणाची चटणी, चिवडा, मेतकूट, एकीकडे चक्क तिळाच्या पोळ्या. इतके दिवस 'आम्ही पुण्याचे', 'आम्ही जळगावचे' म्हणून जपून बोलणाऱ्या बायका एका वर्तमानपत्रावर जेवल्या. जळगावच्या वहिनींनी केळफुलाची भाजी तोंडी सांगितली, ती मी तिकिटाच्या मागे लिहून घेतली. आमच्या मागच्या गाडीतल्या नेपाळी आईच्या तान्ह्यासाठी कुणीतरी दुधाची पावडर काढून दिली.

आणि मागच्या बाकावरून मला आवाज ऐकू आला, "अगं, शाल नीट घे की, गारठशील!"

'अगं'? माझ्या सासूबाईंना? मी वळून पाहिलं. बाई त्यांना नावानं हाक मारत होत्या, आणि तेही माहेरच्या नावानं. चोवीस वर्षं मी त्या घरात नांदते आहे, पण लग्नात बदलण्याआधीचं ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. (ते इथे लिहू नकोस, असं त्यांनी मला बजावलंय.) विचार करा, त्यांना अरे-तुरे करणारं माणूस जगात उरलंच नव्हतं. आई-वडील, थोरली बहीण, मामंजी, सगळी गेलेली. आम्ही सगळे 'आई', 'आजी', 'काकू' म्हणणारे, आदरानं वाकणारे. आदरानं पाठ थोपटता येत नाही हो!

सासूबाईंनी शाल घेतली आणि म्हणाल्या, "तुलाही दे ना अर्धी."

काठमांडूहून पारोला विमानानं गेलो. डाव्या खिडकीची जागा मिळवा, बरं का, एव्हरेस्टची रांग तिकडूनच दिसते. भूतानात घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास. आपला रुपया तिथे सरळ चालतो, पण भारतीय पाहुण्यांना रात्रीमागे माणशी १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. तेवढं हिशेबात धरा. पारोच्या घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिथे मिरची ही फोडणीला घालायची वस्तू नाही, ती भाजीच. मिरची आणि चीज, नाव एमा दात्शी. आमच्या ह्यांनी एक घास घेतला आणि ताक मागितलं!

आमची मार्गदर्शक किरा नेसलेली तरुण मुलगी होती. तिनं सांगितलं की भूतानच्या बऱ्याच भागांत घर आणि जमीन परंपरेनं मुलीकडे जाते, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. बसमध्ये एकदम हशा पिकला. सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे तू वाचली असतीस!" तीन वर्षांत त्यांनी माझी केलेली ती पहिली थट्टा.

ताक्त्संगचा मठ कड्याला चिकटून तीन हजार मीटरहून उंच बसला आहे. १९९८ साली तो जळाला आणि पुन्हा होता तसा उभारला गेला. तो चढ दोघींना झेपणारा नव्हता, म्हणून त्या पायथ्याशी थांबल्या. आम्ही सहा तासांनी गुडघे धरून उतरलो, तर दोघी माळा विकणाऱ्या बायकांच्या मध्ये बसून मोडक्यातोडक्या हिंदीत नातवंडं मोजत होत्या. "देव पाहिला का?" सासूबाईंनी विचारलं. आम्ही दमून काही बोललोच नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. सहलीतली ओळख स्टेशनवर संपते, असं आपण म्हणतो. ही संपली नाही. रोज चार वाजता फोन येऊ लागला, आणि फेब्रुवारीत बाईंनी बोलावलं, "आठ दिवस ये राहायला."

आमच्या ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नात्यात ना गोत्यात. त्यांच्याकडे आठ दिवस? लोक म्हणतील, सुनेनं घालवून दिलं." मला ते लागलं, कारण लोक तसं म्हणतात, आणि ते मलाच म्हणतात, ह्यांना नाही. पण मी म्हटलं, "तुम्ही मित्रांबरोबर कोकणात जाता तेव्हा कुणी विचारतं, बायकोनं हाकललं का?" दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. आजारी पडल्या तर? औषधं चुकली तर? ही काळजी खोटी नव्हती, तेवढं मला ह्यांच्या बाजूनं कबूल करायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवी भरून बाहेर आल्या. औषधांच्या पुडीवर वार लिहिलेले, बाईंच्या शेजारच्या डॉक्टरांचा नंबर एका चिठ्ठीवर. "पंचाहत्तरीच्या पुढे एसटीला तिकीट लागत नाही," त्या मुलाला म्हणाल्या, "तुझा पैसा काही जात नाही." हे निमूटपणे त्यांना स्टँडवर घेऊन गेले.

तेव्हापासून त्या चार वेळा जाऊन आल्या. बाई एकदा आमच्याकडे राहून गेल्या, तेव्हा दोघी रात्री एकपर्यंत बोलत होत्या, आणि ह्यांनी उठून "आई, आता झोपा" म्हटल्यावर आतून शाळकरी मुलींसारखं दबकं हसू ऐकू आलं. जळगावच्या वहिनींशी माझंही पत्र-फोन चालू आहे, पण ते पुन्हा कधीतरी. परवा आमटी वाढली तर सासूबाई म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मी मिठाची वाटी पुढे सरकवली.