आडाभोवतीची वाट

हेब्बाळच्या तळ्यावर पहाटे धुकं पाण्याला टेकलेलं असतं, आणि काठाच्या पायवाटेवर फिरायला आलेली माणसं त्यातून थोडी थोडी उगवत येतात: आधी स्वेटर, मग चेहरा, मग कानडीत कुणाला तरी घातलेली हाक. एमएस्सीसाठी निपाणीकडून म्हैसूरला आले तेव्हा या औद्योगिक वसाहतीच्या कडेला मला भाड्याची खोली मिळाली. दिवसा मानसगंगोत्रीतले वर्ग, पहाटे हे तळं. होमोलॉजी हे गणित फळ्यापाशी किती शिकले आणि या काठावर किती, ते आता वेगळं काढता येत नाही.

फळ्यावर एक त्रिकोण होता. टोकांना अ, ब, क, बाजूंना बाण. बाजूची सीमा म्हणजे शेवटचं टोक वजा पहिलं. ब वजा अ, क वजा ब, अ वजा क. सर बोटानेच एकेक अक्षर पुसत गेले, खडूची पांढरी भुकटी हळूहळू खाली बसली, आणि फळ्यावर शून्य उरलं.

सीमेला सीमा नसते.

मला आमच्या शेताचा बांध आठवला. शेत बांधापाशी संपतं. बांध मात्र कुठेच संपत नाही, फिरून स्वतःलाच येऊन मिळतो. मग एखादा फेरा असा भेटला, की ज्याला टोक तर नाही, पण ज्याच्या आत शेतही नाही, तर तो कशाभोवती फिरतोय? पोकळीभोवती. पोकळीला हात लावता येत नाही, तिचं चित्र काढता येत नाही. तिच्याभोवती जे फिरतात त्यांच्यावरूनच ती ओळखायची. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेला सात फेऱ्यांचा दोरा घ्या. उलट दोन फेरे घातले की पाच उरतात. पॉंकारेने 1895 साली या फेऱ्यांचा हिशोब मांडला, तो आकड्यांत. त्या आकड्यांमागे फेऱ्यांचा एक अख्खा गट नांदतो, त्यांची आपापसांतली बेरीज-वजाबाकी नांदते, हे एमी नोएदरने 1920च्या दशकात दाखवलं. आकड्याखालचं नातं दिसणं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

होमोलॉजीची जोडीदार कोहोमोलॉजी उशिरा आली. जगातही उशिराच, 1935 साली मॉस्कोच्या परिषदेत अलेक्झांडर आणि कोल्मोगोरोव या दोघांनी ती आपापल्या वाटेने मांडली. मला ती कळली तळ्यावर. पाण्याच्या मध्यावर नजर ठेवून चालत राहायचं आणि पावलागणिक ती नजर किती वळली ते मोजत जायचं. अर्ध्यातून परत फिरलं तर बेरीज शून्य. काठावरच्या एखाद्या झाडाला वळसा घालून आलं तरी शून्य. पण बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या, ओल्या लव्हाळ्याच्या कडेकडेने सगळं तळं फिरून, ऊन डोक्यावर घेऊन त्याच दगडापाशी यावं, तर दगड तोच, नजर तिथेच, आणि हिशोबात तीनशे साठ अंश. फेऱ्याला प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मधल्या पाण्याने द्यायचं.

त्या मे महिन्यात गावी गेले. परसातला आड बुजवला होता. घरात नळ आला होता, आडाचं पाणी मचूळ झालं होतं, पडक्या भिंतीची माती हाताशी होती. वर सपाट जमीन, शेणाने सारवलेली. गणित इथे स्वच्छ बोलतं: पोकळी भरली की तिच्याभोवतीचा फेरा नुसता बांध होतो, त्याच्या आत शेत येतं, आणि होमोलॉजीत तो शून्य होऊन जातो.

आज्जी न्हाणीतून बादली घेऊन निघाली. गोठा समोरच, सरळ वीस पावलं. ती मात्र डावीकडे वळली, आडाच्या काठाला धरून, तिथे काठ नव्हता तरी, अर्ध्या गोलातून गेली. पाणी हिंदकळलं नाही.

"आज्जी, आड बुजलाय की आता."

"व्हय की," ती म्हणाली. "पर वाट हिकडनंच हाय."

सारवलेल्या जमिनीवर तिच्या पायांची पिवळट, गुळगुळीत झालेली कमान उमटलेली होती. मी दुसरी बादली उचलली आणि त्या कमानीवरून गेले.