घरात होते म्हणून

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वींचा विहार सुरू होतो, तो नेमका थंडीच्या तोंडावर. पाय अनवाणी, वाट डांबराची नाहीतर खडीची. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. कोरड्या हवेत तिची ओल उडून जाते, ती कडक होते आणि अंगाचा भार पडला की टाचेपाशी फाटते. पौष लागेपर्यंत भेगांतून रक्त डोकावू लागते.

कोकणात या दुखण्यावर कोकमाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फळाची साल आमसुलाला जाते, बिया वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्निग्धांश काढून निवला की हाताने त्याचे गोळे वळतात. म्हणायचे तेल, परंतु असतो पांढुरका, घट्ट गोळा. साधारण 40 अंश सेल्सियसच्या आसपास तो वितळतो. त्वचेवर त्याचा पातळ थर बसतो, ओल आत राहते आणि भेगेच्या कडा मऊ पडतात. त्याला सुगंध नाही, रंग नाही. नाजूक त्वचेला ते सहसा सोसते ते त्यामुळेच. तरीही प्रथमच वापरणाऱ्याने मनगटाच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस थांबावे, आणि मधुमेह असेल वा भेग चिघळली असेल तर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय शोधू नये.

नगर-पुणे रस्त्यालगतच्या एका गावी, किराणा व्यापाऱ्याच्या घरी, गेल्या माघात गोचरीसाठी साध्वीजी आल्या. एकीचे पाऊल तिरपे पडत होते. घरच्या आजींनी सुखशाता विचारली. उत्तराआधीच नातू दुकानात धावला आणि मलमाची नवी डबी घेऊन आला. साध्वीजींनी डबीवरचा मजकूर वाचला. त्यात मधमाश्यांचे मेण होते, लॅनोलिन होते, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्धांश. त्यांनी डबी परत ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "शिवाय हे आमच्यासाठीच आणले ना?"

मुलाचा चेहरा उतरला. साधूंना द्यायच्या चौदा प्रकारच्या दानांत औषध-भेषज आहेच, मग अडचण कुठे, असे त्याला वाटले असणार. परंतु त्यांच्या निमित्ताने मुद्दाम आणलेली वस्तू कितीही शुद्ध असली तरी सदोष ठरते. निर्दोष ती, जी गृहस्थाने स्वतःसाठी ठेवलेली आहे.

आजी उठल्या. फडताळातल्या पितळी डबीत कोकमाचा अर्धा गोळा होता. दर थंडीत त्यांच्याच टाचांना लागत असे. साध्वीजींनी दोन प्रश्न विचारले, आणि तो घेतला. शोभेसाठी तेल लावणे साधुजीवनात वर्ज्य; दुखण्यात औषध म्हणून घेणे निराळे. गृहस्थाकडून अंगसेवाही घेत नाहीत, म्हणून स्थानकात सहवर्ती साध्वीजींनीच ते लावले. विस्तव लागला नाही. तळव्यावर घासून गोळा मऊ होतो, आणि अग्निकायाच्या जीवांचा विचार करणाऱ्यांना ही सोय थोडी नव्हे.

चार दिवसांच्या मुक्कामात भेगा भरल्या नाहीत, एवढ्यात भरतही नाहीत. रक्त येणे मात्र थांबले. औषध हे पाडिहारी, म्हणजे उरले ते परत करायचे. विहाराच्या आदल्या दिवशी उरलेला तुकडा घरी आला.

उन्हाळ्यात वर्षाच्या सामानाची यादी करताना सूनबाईंनी कोकणातून आमसुलाबरोबर सहा गोळे मागवावेत असे सुचविले. येणाऱ्या-जाणाऱ्या साध्वीजींना उपयोगी पडतील, हा त्यांचा भाव. आजींनी यादी हाती घेतली, सहाचा आकडा खोडून तेथे दोन लिहिले.

"एक माझ्या टाचांना," त्या म्हणाल्या, "आणि एक तुझ्या हातांना. भांड्यांच्या साबणाने काय झालेत ते बघ आधी."