साडेतीन इंच

लहानपणी पंढरपूरला जायचे म्हणजे कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. मोठ्या गाडीतून उतरायचे आणि बार्शी लाइटच्या चिमुकल्या डब्यात शिरायचे. त्या धांदलीत आई सामानाचे नग मोजी आणि शेवटी आम्हा भावंडांच्या डोक्यावर टपल्या मारून आम्हांलाही मोजून घेई.

त्या कुर्डुवाडीची आठवण गेल्या उन्हाळ्यात स्वीडनच्या उत्तर टोकाला व्हावी, हे नवलच! भाचा तिकडे नोकरीला असतो. तो मला आणि आपल्या दोन्ही पोरांना घेऊन हापारांडाला आला. पलीकडे फिनलंडचे तोर्निओ. पायी जावे, फक्त घड्याळ तासभर पुढे करावे. पण स्टेशनात पाहतो तो दोन मापांचे रूळ! स्वीडनचे १४३५ मिलिमीटर, फिनलंडचे १५२४. फिनलंड १८०९ ते १९१७ रशियाच्या अमलाखाली होता. रूळ पडले ते त्याच मापाचे. अंतर साडेतीन इंचांचे. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन. इथले साडेतीन मात्र काही शुभ नव्हेत.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने आपली सुमारे ७०,००० मुले स्वीडनमध्ये पाठवली. त्यांतली कितीतरी याच स्टेशनातून गेली, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून. काही हजार परतलीच नाहीत, तिकडचीच झाली. चिठ्ठी बांधताना त्या आयांचे हात कसे चालले असतील, कोण जाणे.

शेजाऱ्याने पोरे सांभाळली. स्वयंसेवक दिले, शस्त्रे दिली. पण स्वतः युद्धात उतरला नाही. पुढे १९४८-४९ मध्ये स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी संरक्षणाचा एकोपा करण्याची बोलणी केली, तीही फिसकटली. नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंड नाटोत गेले. स्वीडन तटस्थ राहिला. फिनलंड रशियाची मर्जी सांभाळत बसला. २००९ मध्ये पाचांनी नॉर्डेफको नावाची सहकार्याची व्यवस्था उभारली. (आइसलंडला स्वतःचे सैन्यच नाही, तरी तो सभासद!)

खरी गाठ बसली ती रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर चाल केल्यावर. फिनलंड आणि स्वीडन यांनी नाटोकडे एकाच दिवशी अर्ज दिले. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेला, स्वीडन मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात आइसलंड सोडून चौघांच्या वायुदलप्रमुखांनी आकाश एकत्र राखण्याच्या इराद्यावर सह्याही केल्या. भाचा याला शेजारधर्म म्हणतो. मला ती भीती वाटते. शेजारधर्म तर त्या मुलांच्या वेळीही होताच की!

आता रणगाडे आणि दारूगोळा सीमेवर उतरवून पुन्हा चढवायचा, तर वेळ जातो. म्हणून उत्तरेत युरोपी मापाचा रूळ टाकण्याची योजना फिनलंडच्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केली. एवढी वर्षे हे अंतर कुणाला खुपले नव्हते.

परतताना पोरे पुढे धावू लागली. मी त्यांना थांबवले आणि नकळत दोघांच्या डोक्यावर टपली मारली.

“आजोबा, हे काय?”

“मोजतोय.”

“आम्ही दोघंच तर आहोत!”