चावा आणि प्रसाद

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपातून थेट जेरुसलेमला गेली आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. गुड फ्रायडेला तिथे क्रुसाचं लाकूड दर्शनाला काढत. बिशप दोन्ही हातांनी ते घट्ट धरून बसे, भोवती डीकन पहाऱ्याला. भाविकांनी वाकायचं, कपाळ टेकायचं, चुंबन घ्यायचं आणि पुढे सरकायचं. हात लावायचा नाही. एवढा बंदोबस्त कशाला? तर म्हणे, पूर्वी कुणीतरी चुंबन घेता घेता लाकडाचा लचकाच तोडला होता!

हसू येतं खरं, पण गोव्यातही असंच सांगतात. १५५४ मध्ये फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे आलं, तेव्हा पायाशी वाकलेल्या एका पोर्तुगीज बाईने बोटच चावून तोडलं. तीर्थाहून रिकाम्या हाताने परतणं माणसाच्या जिवावर येतं. देवस्थानाने काही दिलं नाही तर भक्त आपणहून घेतो, हाताने नाहीतर दाताने. ख्रिस्ती यात्रेकरूंनी घरी नेलेल्या चिजांबद्दल वाचताना मला राहून राहून वाटतं, यातल्या निम्म्या तरी मूळ वस्तू वाचवण्यासाठीच निघाल्या असाव्यात.

सन ५७० च्या सुमारास इटलीतल्या पिआचेन्झाचा एक यात्रेकरू जेरुसलेमला आला. तो सांगतो, तेलाने भरलेल्या कुपीच्या तोंडाला क्रुसाचं लाकूड टेकवलं की तेल उसळून वर येई, आणि झाकण लावायची एकच घाई होई. ख्रिस्ताच्या कबरीत बाहेरून माती आणून टाकत. आत जाणारे तीच आशीर्वाद म्हणून उचलून नेत. काय अक्कल आहे! माती कधी संपायची नाही आणि कबरही खणली जायची नाही. ज्या खांबाला बांधून येशूला फटके मारले, असं मानत, त्यावर त्याच्या हाताचे ठसे दाखवत. लोक त्या ठशांचं माप घेत आणि ते गळ्यात बांधत. दुखणी बरी होतात अशी श्रद्धा. माप घेतल्याने दगड काही झिजत नाही.

तशा तेलाच्या कुप्या मिलानजवळच्या मोन्झाच्या कॅथेड्रलमध्ये आजही आहेत. कथील आणि शिशाच्या, चपट्या, तळहातावर मावतील एवढ्या. आपल्याकडे काशीहून झाळलेला गंगेचा गडू आणत, त्याच जातीच्या. एका बाजूला क्रुसाचा प्रसंग, दुसरीकडे कबरीपाशी आलेल्या बायका आणि देवदूत, कडेने ग्रीक अक्षरं. धातू अगदी हलक्या प्रतीचा, पण त्या लोम्बार्ड राणी थेओदेलिंदाने दिल्या अशी परंपरा आहे. म्हणजे राणीच्या खजिन्यातही सोन्याच्या पंगतीला शिसं बसलंच.

तरी ज्याला दगडच हवा होता, त्याने दगडच नेला. व्हॅटिकनच्या संग्रहात साधारण सहाव्या शतकातली एक लहानशी लाकडी पेटी आहे. आत खडे, लाकडाच्या ढलप्या, सगळं मातीच्या थरात रुतवलेलं. काहींवर जागेचं नाव लिहिलेलं. सरकत्या झाकणाच्या आतल्या अंगाला बेथलेहेमपासून स्वर्गारोहणापर्यंत पाच प्रसंग रंगवलेत. कबरीच्या चित्रात मात्र बायबलमधली गुहा नाही, तर यात्रेकरूने डोळ्यांनी पाहिलेली घुमटाची इमारत आहे! मला ही पेटी त्या सगळ्यांत प्रिय.

पुढे गर्दी इतकी वाढली की स्पर्शच अशक्य झाला. जर्मनीतल्या आखेनला दर सात वर्षांनी मरियेचं वस्त्र आणि आणखी तीन पवित्र कापडं उंचावरून दाखवत. खाली लोक छोटे आरसे उंच धरत. त्यात कापडांचं तेज उतरतं आणि आरशाबरोबर ते घरी नेता येतं, अशी समजूत. देवस्थानाच्या दृष्टीने याहून निर्धोक प्रसाद नाही. हे आरसे घाऊक बनवायला स्ट्रासबुर्गमध्ये काहीजणांनी भागीदारी केली. पण यात्रा १४३९ ऐवजी १४४० मध्ये असल्याचं कळलं आणि पैसा अडकला. त्यातच एक भागीदार वारला, त्याच्या भावांनी दावा ठोकला. १४३९ च्या त्या दाव्यामुळेच हा धंदा आपल्याला ठाऊक आहे. दावा जिंकणारा, आरसेवाल्यांतला म्होरक्या होता योहान गुटेनबर्ग. बायबल त्याने छापलं ते त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी.