साडेत्रेसष्ट अंशांची मुंबई

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. मुंबईच्या सरकारी घरांची गोष्ट पायी पाहायची, तर निघावं इथूनच. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतल्या एका रोग्याला प्लेग झाल्याचं या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली, गोदी आणि गिरण्या ओस पडल्या. हादरलेल्या सरकारने ग्लासगो शहराचा कित्ता गिरवत 1898 मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी चाळी बांधायच्या, ही तीन कामं त्याच्याकडे आली.

पुतळ्यापासून प्रिन्सेस स्ट्रीट जवळच आहे. आज त्याचं नाव शामलदास गांधी मार्ग असलं, तरी टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं. हा रस्ता ट्रस्टने दाट वस्ती चिरून काढला, तोही पूर्व-पश्चिम, कारण समुद्राचा वारा थेट गावात शिरावा असा हिशेब होता. संध्याकाळी औषधांच्या घाऊक दुकानांसमोर उभं राहिलं की मरीन लाइन्सकडून येणारी झुळूक लागते आणि तो हिशेब अंगाला कळतो. सँडहर्स्ट रोडही याच हेतूने झाला.

अंधार, ओल आणि कोंदट हवा यांतून प्लेग होतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 मध्येच दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला वेळ लागला. तोवर इथे कुदळी चालत होत्या. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलं फार आणि बांधलं थोडं. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत दाटीवाटीने शिरली. या अन्यायाची पाटी कुठल्याच रस्त्यावर नाही.

तिथून लोकलने परळ. पोयबावडीजवळची ट्रस्टने बांधलेली बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळ विचारत गेलं की कोणीही बोट दाखवतं. एकेका खोलीचे संसार, पुढे सामाईक व्हरांडा, संडास मजल्यावर सामाईक. इथल्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. एका खोलीत कुटुंब, दुसरीत पुस्तकं आणि अभ्यास. 1927 चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. व्हरांड्यातल्या वाळत्या कपड्यांखालून वाकून जाताना वाटलं, देशाला घटना देणाऱ्या माणसाने ऐन उमेदीची बावीस वर्षं या एवढ्याशा जागेत काढली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला इथे आणून दाखवायला हवं.

पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले. दादर-माटुंग्याची आखणीही ट्रस्टचीच. पाच उद्यानांभोवती फिरताना सावली, मोकळे कोपरे, बेताच्या उंचीच्या इमारती पाहून मन निवतं. पण हे भूखंड मिळाले ते मध्यमवर्गाला. मंचेरजी जोशींनी पारशांसाठी 103 भूखंड मिळवले, इतर समाजांनी आपापल्या कॉलन्या वसवल्या. मांडवीतून उठवलेल्या हमालाला यांतलं काहीच परवडणारं नव्हतं.

1933 मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला. (वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी वेगळ्या. त्या 1920 मध्ये निघालेल्या सरकारी खात्याच्या.) ट्रस्टच्या सगळ्या कामांत मला मोलाचा वाटतो तो एक नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिलं. इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. सोप्या भाषेत, जेवढी उंची, त्याच्या निम्मं तरी अंतर मधे मोकळं हवं. ऑर प्लेगच्या कारणाबाबत चुकले असतील, पण उजेडाबाबत चुकले नव्हते.

हा कोन मनात ठेवून गोवंडीला नटवर पारेख कंपाउंडमध्ये जावं. झोपडीवासीयांच्या पुनर्वसनासाठी या शतकात बांधलेल्या या सात-सात मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट आहे. ऑरच्या हिशेबाने तिथे दहा मीटर तरी हवेत. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवे लावावे लागतात. उजेड-वारा न मिळणाऱ्या या खालच्या घरांत क्षयाचं प्रमाण जास्त असल्याचं 2018 च्या पाहणीत आढळलं. आता जुन्या चाळींच्या जागीही मनोरे येत आहेत. तुमची चाळ पुनर्विकासात जाणार असेल, तर खोलीचे चौरस फूट विचाराच, पण सही करण्याआधी नकाशावर दोन इमारतींमधलं अंतरही मोजून घ्या.