पहिली फेरी एकट्याची

गेले दोन आठवडे ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून कर्र कर्र आवाज येत होता. पॅड आणि रोटर बदलायचा गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी म्हटलं, घरीच करू. बायको एवढंच म्हणाली, "ब्रेक आहेत ते, आकाशकंदील नव्हे."

तर मंडळी, शनिवारी सकाळी इथे न्यू जर्सीत घरापुढे पथारी मांडली. नट आधी सैल केले, मग गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला, त्याचं ओझं ब्रेकच्या नळीवर पडू नये म्हणून. आतल्या पॅडचं अस्तर पार संपलेलं, लोखंडावर लोखंड घासत होतं! रोटर तर हलेचना. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजून चिकटला होता. तासभर तेल आणि हातोडी... शेवटी सुटला. नव्या रोटरवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं, सी-क्लॅम्पने पिस्टन मागे ढकलला, नवे पॅड बसवले. मग दुसरं चाक.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. लेक "बाबा, चक्कर!" म्हणत मागे चढून बसली. मी सहज ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला! पोटात गोळाच आला. मग आठवलं, मागे ढकललेला पिस्टन पॅडला येऊन टेकेपर्यंत पेडल पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. सात-आठदा दाबल्यावर ते कडक झालं. पण तोवर मी लेकीला खाली उतरवलं होतं.

माझे बाबा रविवारी अंगणात चेतक उघडून बसायचे. ब्रेक लायनर बदलले की मी मागे बसायला धावायचो, आणि ते म्हणायचे, "पहिली फेरी माझी एकट्याची." मला वाटायचं, नव्या ब्रेकची मजा एकटेच घेतात. चाळीस वर्षांनी कळलं.

गल्लीत हळूहळू थांबत, पुन्हा वेग घेत एकट्याने चार फेऱ्या मारल्या. लेक फुरंगटून पायरीवर बसली होती. पाचव्या फेरीला तिला घेतलं.

रात्री पुण्याला फोन करून बाबांना सगळं सांगितलं. कौतुक वगैरे नाही. म्हणाले, "आवाज गेला ना? मग थोडी चालवून झाली की नट परत एकदा आवळून बघ."

उद्या बघतो.